काजळीचा घन आणि प्लॅटिनमची पोकळी

सूर्याचा पृष्ठभाग किती तापलेला आहे, या प्रश्नाची एकोणिसाव्या शतकातली उत्तरे शेजारी शेजारी ठेवली, तर ती सगळी एकाच सूर्याविषयी आहेत यावर विश्वास बसत नाही. पॅरिसच्या क्लोद पुये यांनी 1838 साली स्वतः घडवलेल्या उपकरणाने ऊन मोजले आणि 1,461 ते 1,761 अंश सेल्सिअस असे उत्तर दिले. पुढे तीसेक वर्षांनी रोमच्या वेधशाळेतले जेझुइट खगोलज्ञ आंजेलो सेक्की यांनी एक कोटी अंशांचा आकडा मांडला. पृथ्वीवर पोचणारे ऊन किती, याविषयी दोघांमध्ये एवढी तफावत पडण्याचे काहीच कारण नव्हते. उपकरणे दोघांचीही चांगली होती. पण आलेल्या उष्णतेवरून ती पाठवणाऱ्या वस्तूचे तापमान काढायचे कसे, याचा नियम दोघांनी वेगवेगळा धरला होता. सेक्कींनी न्यूटनचा जुना नियम घेतला, म्हणजे तापमानातला फरक जेवढा तेवढी बाहेर पडणारी उष्णता. पुयेंनी द्यूलाँ आणि पती यांचे 1817 सालचे सूत्र घेतले. त्यात तापमानागणिक उष्णता चक्रवाढीने वाढत जाते. पहिल्या नियमाने सूर्य कल्पनेपलीकडे तापलेला ठरला, दुसऱ्याने तो पोलादाच्या भट्टीच्या आसपास येऊन बसला.

हा वाद मला महत्त्वाचा वाटतो तो एका कारणासाठी. वस्तूला हात न लावता तिचे तापमान सांगणाऱ्या यंत्राचा इतिहास सहसा संवेदकांची वंशावळ म्हणून सांगितला जातो. आधी हर्शेलचा पारा, मग धातूंच्या जोड्या, मग प्लॅटिनमच्या पट्ट्या, शेवटी सिलिकॉनची चिप. संवेदक नाजूक होत गेला आणि एके दिवशी यंत्र तयार झाले, असा या कथेचा सूर असतो. हा क्रम खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. दुरून येणारी उष्णता ओळखण्याची सोय 1831 पासून होती आणि ती उत्तम होती. नव्हती ती एक आदर्श वस्तू, जिच्याकडून येणारी उष्णता फक्त तिच्या तापमानावर ठरते आणि दुसऱ्या कशावरही नाही. अशी वस्तू कागदावर 1859-60 साली आली आणि प्रयोगशाळेत तिचा खरा उपयोग सुरू व्हायला 1890 चे दशक उजाडले. मधल्या काळात जे आकडे निघाले, त्यांतले काही योगायोगाने बरोबर आले एवढेच म्हणता येईल.

सुरुवात मात्र हर्शेलपासूनच करावी लागते. 1781 साली युरेनस शोधणारे विल्यम हर्शेल सूर्याचे निरीक्षण करताना वेगवेगळ्या रंगांच्या काचा वापरत. त्यांना जाणवले की काही काचांतून उजेड कमी पण ऊब जास्त येते, काहींतून याच्या उलट. 1800 साली त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग टेबलावर पाडले आणि प्रत्येक रंगात काळा केलेला तापमापीचा फुगा ठेवला. तांबड्यात पारा सरासरी 6⅞ अंश फॅरनहाइट चढला, हिरव्यात 3¼ आणि जांभळ्यात 2. मग तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही अशा जागी, त्यांनी तापमापी सरकवली आणि पारा तिथेही चढला. अवरक्त किरणांचा शोध तो हा. या प्रयोगातल्या एका बारीक गोष्टीकडे मला लक्ष वेधायचे आहे. हर्शेलनी तापमापीचे फुगे मुद्दाम काळे केले होते. काळा पृष्ठभाग उष्णता जास्त शोषतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. घेणारी वस्तू कशी असावी हे ठरले. देणाऱ्या वस्तूच्या रंगरूपाने काही फरक पडतो का, हा प्रश्न त्यांच्यापुढे आलाच नाही, कारण त्यांच्या प्रयोगात देणारा एकटा सूर्य होता.

तो प्रश्न चारच वर्षांनी जॉन लेस्ली या स्कॉटिश शास्त्रज्ञाने विचारला, आणि एका साध्या डब्याने त्याचे उत्तर दिले. 1804 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातला हा प्रयोग आजही कोणत्याही शाळेत करता येण्यासारखा आहे. कल्हईच्या पत्र्याचा एक घनाकार डबा घ्यायचा. त्याची एक बाजू चकचकीत ठेवायची, दुसरीला काजळी धरायची, तिसरीवर कागद चिकटवायचा, चौथीवर काच बसवायची. डब्यात उकळते पाणी ओतायचे आणि एकेक बाजू आळीपाळीने दूरच्या संवेदकाकडे वळवायची. पाणी एकच, पत्रा एकच, म्हणून चारही बाजूंचे तापमान जवळजवळ एकच. पण काजळीच्या बाजूकडून येणाऱ्या उष्णतेला 100 धरले, तर कागदाची 98 आली, काचेची 90 आणि चकचकीत पत्र्याची अवघी 12. म्हणजे फक्त येणारी उष्णता पाहून कोणी तापमान सांगू लागला, तर त्याच डब्याची एक बाजू त्याला उकळती वाटेल आणि दुसरी कोमट. पांढरा कागद काजळीच्या इतका जवळ यावा, ही त्या काळच्या वाचकाला चक्रावणारी गोष्ट असणार. डोळ्याला दिसणारा काळेपणा आणि उष्णतेच्या किरणांसाठीचा काळेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकोणिसाव्या शतकातला सगळा गोंधळ या डब्यात सामावलेला होता, आणि तो सुटायला पाऊणशेहून अधिक वर्षे लागली.

दरम्यान संवेदक मात्र झपाट्याने सुधारले. 1821 साली झेबेक यांना आढळले होते की दोन वेगळ्या धातूंच्या जोडावर उष्णता दिली की विद्युतप्रवाह वाहतो. लिओपोल्दो नोबिली आणि मासेदोनियो मेल्लोनी या दोघा इटालियनांनी अँटिमनी आणि बिस्मथच्या अशा अनेक जोड्या एकत्र बांधून थर्मोपाइल तयार केला. 1831 साली तो जगापुढे आला, आणि त्याच वर्षी पार्मातल्या उठावात भाग घेतल्यामुळे मेल्लोनींना देश सोडून फ्रान्स गाठावे लागले. पॅरिसमध्ये त्यांनी दाखवून दिले की सैंधव मिठाचा स्फटिक उष्णतेच्या किरणांना जवळजवळ अडवत नाही, उलट साधी काच त्यांतले पुष्कळ गिळून टाकते. त्यांच्या उपकरणाला कित्येक पावले दूर उभ्या माणसाच्या अंगाची ऊब कळत असे. पुढे 1880-81 च्या सुमारास पिट्सबर्गजवळच्या अ‍ॅलेघेनी वेधशाळेत सॅम्युअल लँग्ली यांनी बोलोमीटर बनवला. यात काळ्या केलेल्या प्लॅटिनमच्या अतिशय पातळ पट्ट्यांचा विद्युतरोध उष्णतेने बदलतो आणि तो बदल मोजला जातो. एका अंशाच्या लाखाव्या भागाएवढा फरक या उपकरणाला दिसे. पाव मैलावरच्या गाईची ऊब ते टिपते, अशी त्याची ख्याती पुढे कायम सांगितली गेली.

इथे कोणी म्हणेल, दूरच्या माणसाची आणि जनावराची ऊब कळत होती, तर स्पर्शाविना तापमान मोजणे झालेच की. उरलेली केवळ तपशिलाची सुधारणा. मला हा आक्षेप मान्य नाही, आणि सूर्याचा वाद हेच त्याचे उत्तर आहे. ऊब असणे कळणे वेगळे आणि ती किती अंशांची हे सांगता येणे वेगळे. मेल्लोनींचे उपकरण माणूस आहे असे सांगू शकत होते, पण त्याला ताप आहे की नाही हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेर होते. लँग्लींच्या पट्ट्यांची संवेदनशीलता हजारपट वाढवली असती तरी लेस्लीच्या डब्याची चकचकीत बाजू त्यांना थंडच दिसली असती. संवेदक जितका नाजूक तितकी चूक जास्त दशांश स्थळांपर्यंत मिळाली असती, एवढेच.

या कोंडीतून वाट काढली हायडलबर्गच्या गुस्टाव किर्खहॉफ यांनी. 1859 आणि 1860 सालच्या निबंधांत त्यांनी सिद्ध केले की एखादा पृष्ठभाग विशिष्ट तापमानाला आणि विशिष्ट तरंगलांबीला जितक्या प्रमाणात उष्णता शोषतो, तितक्याच प्रमाणात ती बाहेरही टाकतो. जो सर्व काही शोषतो तो सर्वांत जास्त देतो. अशा परिपूर्ण शोषकाला त्यांनी कृष्णवस्तू असे नाव दिले, आणि तिच्याकडून येणारे प्रारण केवळ तापमान आणि तरंगलांबी यांवर अवलंबून असते, ती लोखंडाची की मातीची यावर नाही, असे सांगितले. काजळीसुद्धा परिपूर्ण काळी नसते. मग अशी वस्तू आणायची कुठून? याचेही उत्तर त्याच निबंधांत होते. सगळीकडून सारख्याच तापमानाच्या भिंतींनी बंद केलेली पोकळी घ्या. आतले प्रारण भिंतीवरून भिंतीवर आदळत राहते, प्रत्येक वेळी थोडे शोषले जाते आणि थोडे नव्याने बाहेर टाकले जाते. शेवटी जो समतोल साधतो त्यात भिंत कशाची आहे याला काहीही अर्थ उरत नाही. अशा पोकळीला बारीकसे भोक पाडले, तर त्या भोकातून दिसते ते कृष्णवस्तूचे प्रारण. चिनी मातीच्या कारखान्यातल्या कामगारांना ही गोष्ट रोजच्या कामात दिसत होती. भट्टी आतून एकसारखी तापली की पाहण्याच्या भोकातून आतली भांडी भिंतीपासून वेगळी ओळखू येत नाहीत. सगळे एकाच तेजाचे होते. इंग्लंडमधले कुंभकलेचे नामवंत उद्योगपती जोसाया वेजवुड यांचा मुलगा थॉमस याने 1792 सालीच नोंदवले होते की वेगवेगळे पदार्थ एकाच तापमानाला लाल होऊ लागतात. पण ती नोंदच राहिली. नियम व्हायला किर्खहॉफ यावे लागले.

वेजवुड पितापुत्रांचा उल्लेख आला आहे तर उद्योगाची गरज किती निकडीची होती तेही सांगायला हवे. भट्टीत पाऱ्याची तापमापी टिकत नाही. जोसाया वेजवुड यांनी 1782 साली त्यावर उपाय म्हणून मातीच्या छोट्या वड्या भट्टीत ठेवून त्या किती आकसतात ते मोजायला सुरुवात केली आणि त्यावर स्वतःचे अंश बसवले. कारखान्यात एक भाजणी दुसरीसारखी करायला ही पद्धत कामाची होती. पण त्यांनी ते अंश फॅरनहाइटमध्ये बदलले तेव्हा बीड वितळायला सुमारे 17,977 अंश लागतात असे उत्तर आले. खरा आकडा 2,200 च्या आतबाहेर आहे. ज्याच्या भट्ट्यांतून युरोपातली उत्तमोत्तम भांडी निघत, त्याच्या हिशेबात तापमान आठपट चुकत होते. बाकीचे कारागीर धातूचा रंग पाहून अंदाज घेत: गर्द लाल, चेरीसारखा लाल, केशरी, पांढरा. हा अंदाज पिढ्यान्‌पिढ्या कमावलेला असे आणि त्यावर मोठमोठी कामे उभी राहत, पण ज्याने तो कमावला त्याच्या डोळ्यांबरोबर तो जाई.

किर्खहॉफ यांचा विचार मांडला गेल्यानंतर लगेच कोणी पोकळी बांधायला बसले असेल असे वाटेल, पण तसे झाले नाही. व्हिएन्नाच्या योझेफ श्टेफान यांनी 1879 साली बाहेर पडणारी एकूण उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते हा नियम मांडला, आणि तो कसा मांडला हे मुळातून पाहण्यासारखे आहे. जॉन टिंडल यांनी प्लॅटिनमच्या तापलेल्या तारेवर केलेल्या मोजणीत मंद लाल अवस्थेपासून झगझगीत पांढऱ्या अवस्थेपर्यंत उष्णता 11.7 पट वाढल्याचे दिसत होते. ही तापमाने 525 आणि 1,200 अंश सेल्सिअस धरली तर निरपेक्ष मापात ती 798 आणि 1,473 होतात. 1,473 ला 798 ने भागून चौथा घात केला की 11.6 येते. आकडे इतके सुरेख जुळले की श्टेफान यांना नियम सापडला. पण प्लॅटिनम काही काळे नाही. तापमान वाढते तसा त्याचा उत्सर्जनाचा गुणही बदलतो, आणि तारेची ती तापमानेही रंगावरून धरलेली होती. दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतले. पाच वर्षांनी त्यांचे शिष्य लुडविग बोल्ट्झमान यांनी उष्मागतिकीतून तोच नियम काढला, पण तो कृष्णवस्तूसाठी, प्लॅटिनमसाठी नव्हे. याच नियमाने श्टेफान यांनी सूर्याचे तापमान काढले तेव्हा ते सुमारे 5,430 अंश सेल्सिअस आले, आजच्या मान्य आकड्याच्या अगदी जवळ. पुये आणि सेक्की यांच्यातल्या दरीवर पूल पडला होता. श्टेफान यांचे श्रेय मला कमी करायचे नाही. पण त्यांच्या हातात नियम होता आणि तो तपासून पाहायला वस्तू नव्हती, हे त्यांच्याच पुराव्यावरून दिसते.

ती वस्तू बर्लिनमध्ये तयार झाली, आणि तिच्यामागे दिव्यांचा धंदा होता. 1887 साली शार्लोटेनबुर्ग भागात जर्मन साम्राज्याची भौतिकी-तांत्रिक संस्था स्थापन झाली. उद्योगपती वेर्नर फोन सीमेन्स यांनी तिच्यासाठी जमीन दिली आणि हेर्मान हेल्महोल्ट्झ तिचे पहिले अध्यक्ष झाले. गॅसबत्ती आणि विजेचा दिवा यांच्यात तेव्हा बाजारपेठेसाठी चुरस चालली होती. कोणता दिवा किती पैशांत किती उजेड देतो हे ठरवायला उजेडाचे भरवशाचे एकक हवे होते, आणि ज्योतीच्या दिव्यांवर आधारलेली एकके हवेच्या दाबाने आणि दमटपणाने बदलत. संस्थेतल्या ओटो लुमर आणि विल्हेल्म वीन यांनी 1895 साली सुचवले की किर्खहॉफ यांची पोकळी प्रत्यक्ष बांधावी आणि तिच्या भोकातून मोजावे. कागदावरच्या कल्पनेला पस्तीस वर्षे झाली होती. 1897 साली लुमर आणि प्रिंग्सहाइम यांनी पोकळ्यांच्या साहाय्याने चौथ्या घाताचा नियम 100 पासून 1,300 अंशांपर्यंत पडताळला. पुढच्या वर्षी लुमर आणि कुर्लबाउम यांनी विजेने तापणारी पोकळी बनवली. प्लॅटिनमच्या पातळ पत्र्याची नळकांडी, तिच्यातून जोरदार प्रवाह, आत उष्णता सोसणाऱ्या मातीची नळी, आतून काळा लेप, आडपडदे, मागच्या बाजूने आत सोडलेला तापमान मोजणारा धातूंचा जोड, आणि पुढे एक बारीक भोक. दीड हजार अंशांच्या आसपास तापवून ही नळी तासन्‌तास स्थिर ठेवता येई. लेस्लीच्या डब्यातल्या चार बाजूंचा घोळ या भोकात संपला.

पुढची गोष्ट भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत वारंवार येते, म्हणून मी ती थोडक्यात सांगतो. वीन यांनी 1896 साली मांडलेले सूत्र लहान तरंगलांब्यांवर जुळत होते. लांब तरंगांवर मात्र पोकळीतून येणारे आकडे त्याच्यापासून दूर जाऊ लागले. हाइनरिख रुबेन्स आणि कुर्लबाउम यांनी काही स्फटिकांवरून पुन्हापुन्हा परावर्तन करून 24 आणि 51 मायक्रॉनसारखे लांब तरंग वेगळे केले आणि द्रवरूप हवेच्या थंडीपासून 1,500 अंशांपर्यंत मोजणी केली. 7 ऑक्टोबर 1900 रोजी, रविवारी, रुबेन्स मॅक्स प्लांक यांच्या घरी गेले असताना त्यांनी हे निकाल सांगितले. प्लांक यांनी नवे सूत्र लिहून 19 ऑक्टोबरच्या सभेत मांडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रुबेन्स यांनी येऊन सांगितले की आकडे तंतोतंत जुळतात. 14 डिसेंबरला प्लांक यांनी त्यामागचा सिद्धांत वाचला आणि त्यात ऊर्जेचे ठराविक तुकडे मानावे लागले. यावर असा आक्षेप घेता येईल की 51 मायक्रॉनच्या तरंगांशी दिव्याच्या कारखानदाराला काही देणेघेणे नव्हते. मग धंद्याने विज्ञान घडवले असे कसे म्हणायचे? आक्षेपात तथ्य आहे. शेवटचे पाऊल शुद्ध जिज्ञासेचे होते आणि रुबेन्स तर तांत्रिक विद्यालयात प्राध्यापक होते. पण ती नळी, तिला तापवण्याची सोय, ती मोजण्याची शिस्त आणि त्या कामावर पगारी माणसे ठेवणारी संस्था, हे सगळे दिव्यांच्या आणि भट्ट्यांच्या गरजेने उभे राहिले होते. प्लांक यांचे सूत्र ज्या आकड्यांवर घासून पाहिले गेले ते दुसरीकडे कुठे मिळाले नसते.

माझ्या प्रतिपादनावरचा सर्वांत जड आक्षेप वेगळाच आहे. आंरी ल शातेलिए यांनी 1892 साली, म्हणजे बर्लिनची पोकळी तयार होण्याच्या आधी, प्रकाशीय पायरोमीटर बनवला. दुर्बिणीसारख्या नळीतून तापलेल्या वस्तूकडे पाहायचे, मध्ये लाल काच धरायची आणि वस्तूचे तेज एका ठराविक दिव्याच्या तेजाशी जुळवायचे. भट्ट्यांची तापमाने त्याने ठीक मोजली जात. आदर्श पोकळीशिवाय यंत्र चालू शकत होते, मग पोकळीचे एवढे माहात्म्य कशाला? याचे उत्तर त्या पायरोमीटरचा मोहरा कुठे वळवला जात होता यात आहे. तो भट्टीच्या भोकातून आत पाहत होता, आणि तापलेली बंद भट्टी हीच जवळजवळ पोकळी असते. तोच मोहरा भट्टीतून बाहेर काढलेल्या धातूच्या रसाकडे वळवला की वाचन खाली घसरते, कारण उघड्यावरचा चकचकीत रस कृष्णवस्तूपासून फार दूर आहे. ज्या ठिकाणी हे यंत्र यशस्वी झाले त्या ठिकाणी पोकळी आधीपासून हजर होती. बर्लिनच्या मोजणीनंतर ही गोष्ट उमगली आणि यंत्रेही त्या पायावर उभी राहिली. 1901 साली होलबोर्न आणि कुर्लबाउम यांनी दिव्यातली तार भट्टीच्या तेजात दिसेनाशी होईपर्यंत प्रवाह बदलणारा पायरोमीटर सिद्ध केला. अमेरिकेत मॉर्स यांनीही याच पद्धतीचे उपकरण काढले होते. 1902 साली पॅरिसच्या शार्ल फेरी यांनी भिंगाने सगळी उष्णता एका धातूजोडावर एकवटून सुई हलवणारे यंत्र केले. आजच्या हातातल्या यंत्राचा आराखडा तिथेच पुरा होतो.

भट्टीकडून माणसाच्या कपाळाकडे यायला मात्र आणखी एक पुरावा लागला. माणसाची त्वचा काजळीसारखी की कल्हईच्या पत्र्यासारखी? 1934 साली अमेरिकेत जेम्स हार्डी यांनी मोजून दाखवले की शरीरातून निघणाऱ्या अवरक्त किरणांसाठी त्वचा जवळजवळ कृष्णवस्तूच आहे, आणि ती गोरी की सावळी याने काहीही फरक पडत नाही. तिचे उत्सर्जन कृष्णवस्तूच्या 98 टक्क्यांच्या आसपास असते. हा आकडा मिळाला नसता तर कपाळावर रोखण्याचे यंत्र सुरक्षितपणे बनवताच आले नसते. आता हिशेब करता येतो. 34 अंशांच्या त्वचेकडून दर चौरस मीटरमागे सुमारे 500 वॅट निघतात, त्यांचा सर्वाधिक भर 9.4 मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणून यंत्रे साधारण 8 ते 14 मायक्रॉनचा पट्टा पाहतात. 27 अंशांच्या भिंतीकडून सुमारे 460 वॅट निघतात. त्वचा एका अंशाने तापली तर साडेसहा वॅटांची भर पडते. नोबिली आणि मेल्लोनी यांचाच थर्मोपाइल आता सिलिकॉनवर कोरलेला असतो आणि त्याला फक्त स्वतःच्या आणि समोरच्या वस्तूच्या देवघेवीतला फरक कळतो. म्हणून यंत्रात त्याचे स्वतःचे तापमान मोजणारा दुसरा संवेदक बसवलेला असतो. थंड एसी खोलीतून उन्हात आणलेले यंत्र काही मिनिटे चुकते ते यामुळेच.

2020 साली ही यंत्रे पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या फाटकांवर, दुकानांच्या दारांत आणि गावांच्या वेशींवर आली तेव्हा त्यांच्याविषयी दोन प्रकारचे गैरसमज पसरले. पहिला असा की त्यातून निघणारे किरण मेंदूला इजा करतात. हे यंत्र मोजण्यासाठी कपाळावर कोणतेही किरण सोडत नाही; ते कपाळाकडून येणारे किरण घेते. काही औद्योगिक यंत्रांना नेम धरण्यासाठी तांबडा ठिपका असतो, त्याचा मोजणीशी संबंध नसतो आणि तो डोळ्यांवर रोखू नये एवढेच पथ्य आहे. दुसरा गैरसमज जास्त गंभीर होता, कारण तो सुशिक्षितांचाही होता: पडद्यावरचा आकडा म्हणजे अंगातला ताप. यंत्र कपाळाच्या त्वचेचे तापमान मोजते, त्यात शरीराच्या आतल्या तापमानासाठी ठरलेली भर घालते आणि मग आकडा दाखवते. उन्हातून आलेल्या माणसाचे कपाळ तापलेले असते, घाम वाळत असलेल्याचे गार, आणि तापाच्या सुरुवातीला हुडहुडी भरते तेव्हा त्वचेतले रक्तच कमी होते. यंत्राने यांतल्या कोणत्याच वेळी खोटे सांगितलेले नसते. त्याला विचारला गेलेला प्रश्न चुकीचा असतो. म्हणून ही यंत्रे निरुपयोगी ठरवावीत असे मी म्हणणार नाही. कानात ठेवण्याची अवरक्त तापमापी चांगली चालते, आणि त्याचे एक कारण किर्खहॉफ यांच्या वाचकाला लगेच ओळखू येईल: कानाची नळी ही सारख्या तापमानाच्या भिंतींची, बारीक तोंडाची पोकळी आहे. ज्याला शंका असेल त्याने कारखान्यात वापरतात तसे यंत्र घ्यावे आणि घासूनपुसून लख्ख केलेल्या स्टीलच्या पातेल्यात पाणी उकळत असताना त्याच्या बाहेरच्या बाजूवर रोखावे. पडद्यावर बहुधा चाळिशीच्या आसपासचा आकडा येईल. मग त्याच पातेल्याला काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर रोखावे. आकडा शंभराकडे झेपावेल. जॉन लेस्लीचा प्रयोग स्वयंपाकघरात पुरा होतो.

आज अशा यंत्राचा खरेपणा तपासायचा असेल तर प्रयोगशाळेत ते ज्ञात तापमानाच्या पोकळीसमोर धरतात. माणसासमोर किंवा भट्टीसमोर नाही. त्याहून मोठा मान या पोकळीला आंतरराष्ट्रीय तापमान-श्रेणीत मिळाला आहे. 1 जानेवारी 1990 पासून चालू असलेल्या या श्रेणीत चांदी गोठण्याच्या बिंदूपर्यंत, म्हणजे 961.78 अंश सेल्सिअसपर्यंत, तापमान प्लॅटिनमच्या तारेच्या विद्युतरोधासारख्या स्पर्शाच्या साधनांनी ठरते. त्याच्या वर तारेला अधिकार नाही. तिथे गोठत्या चांदीने, सोन्याने किंवा तांब्याने वेढलेल्या पोकळीच्या भोकातून येणारे प्रारण मोजतात, अज्ञात वस्तूच्या प्रारणाशी त्याचे गुणोत्तर काढतात आणि प्लांक यांच्या सूत्राने जे उत्तर येईल तेच तापमान म्हणून सर्व जगात मान्य असते.